गोळीबार चौकातली कात्री

गोळीबार चौकात माझं काउंटर, अडीच बाय सहा.
काचेवर खोकल्याच्या गोळ्यांची बरणी,
खिळ्याला सुतळीनं बांधलेली कात्री.
फार्मासिस्टचं सर्टिफिकेट फ्रेममध्ये असतं,
फार्मासिस्ट उमरेडला.
महिन्यातून एकदा येतो, चहा पितो, सह्या करतो.
बाकीचे एकोणतीस दिवस
डॉक्टर मीच.

वच्छलाबाई निमजे यायच्या रात्री साडेदहाला,
सावजीच्या भटारखान्यातून सुटल्या की.
बोटांना भाजल्या खसखशीचा वास,
आणि गुडघे,
ते पायरी चढायच्या आधीच बोलायचे.
"दोन लाल देऊन दे बाप्पा,
सकाळी उभं राहा लागते."
मी पट्टी कापायचो. कर्र.
लाल म्हणजे काय, हे त्यांनी विचारलं नाही.
दोन म्हणजे किती दिवस, हे मी विचारलं नाही.
त्यांच्या तुकड्यावर जायचं
नावाचं शेपूट, दोन-तीन इंग्रजी अक्षरं.
तारीख माझ्या खोक्यात राहायची.

दोनाच्या चार कधी झाल्या, आठवत नाही.
पोटात आग पडते म्हणाल्या,
मी लालच्या पाठीवर पिवळी दिली.
पाय सुजून राहिले म्हणाल्या,
मी पांढरी दिली, लघवीची.
दिवाळीला अनारशांचा डबा आणून ठेवला काउंटरवर,
"तुह्या हाताले गुण हाये रे टेकचंद."
तो डबा अजून आहे.
सुटे पैसे ठेवतो त्यात.

मग नवतपा लागला.
दुपारी चौकात कुत्रंसुद्धा नाही,
कूलरचं पाणी दोन तासांत तळाला.
अशा उन्हात त्या तीन शेगड्यांसमोर उभ्या,
आणि पाणी पीत नसत.
भटारखान्यात बायांसाठी संडास नाही,
म्हणून.
हे मला नंतर कळलं.
आधी कळलं असतं तर काय केलं असतं,
ते मी स्वतःला विचारत नाही.
कदाचित ओआरएसचं एक पाकीट
जास्तीचं विकलं असतं.

आमच्याकडे दुकानालाही मेडिकल म्हणतात
आणि त्या मोठ्या सरकारी दवाखान्यालाही.
या मेडिकलातून त्या मेडिकलात
माणूस कधी जातो ते दिसत नाही.
मध्ये फक्त ऑटोचे साठ रुपये असतात.

लीलाधर आला, त्यांचा मुलगा.
शर्टाच्या खिशात चिठ्ठी, डोळे रात्रभर जागे.
वाटलं, कॉलर धरेल.
तो म्हणाला, "टेकूभाऊ,
डॉक्टर विचारून राहिले, कोणती गोळी होती.
आई नुसती लाल लाल म्हणते.
नाव लिहून द्या न."

मी खोका उपडा केला.
कापलेल्या पट्ट्या, चंदेरी कपच्या,
अर्धी अर्धी नावं, एकाचं डोकं, दुसऱ्याचे पाय.
सात वर्षं विकलं होतं ते नाव,
कधी लिहिलं नव्हतं.
बिलाच्या मागे लिहिलं, खोडलं, परत लिहिलं.
लीलाधर थांबला होता,
पेनाच्या टोकाकडे बघत.
जाताना म्हणाला, "आठवड्यातून दोनदा मशीनवर घेतात.
आई तुम्हाले विचारत होती,
गुडघ्यासाठी काही पाठवता का."

त्या रात्री साडेदहाला
मी उगाच शटर अर्धं ठेवून बसलो.
एक पोरगं आलं, डिलिव्हरीचं, हेल्मेट डोक्यावरच.
"भाऊ, डोकं ठणकून राहिलं, काहीतरी कडक द्या."
कात्री हातात आली होती, सवयीनं.
"किती दिवसांपासून?"
आवाज माझाच होता.
"पाणी पितो का? आधी काय काय खाल्लं?"
त्यानं माझ्याकडे असं पाहिलं
जशी मी त्याची जात विचारली.
मग मान वळवून
रस्त्यापलीकडच्या दुकानाकडे पाहिलं.
तिथला ट्यूबलाइट चालू होता.
गाडीवरून उतरलाच नव्हता तो.